चिंच घातलेली अफू

अफूच्या बोंडांना चिरा दिल्या त्याच संध्याकाळी पाऊस आला आणि नांग ओनच्या वावरातला निम्मा चीक मातीत गेला. काढणी संपली की टेकडीवरची फौज घरटी एक विस, म्हणजे दीड किलोच्या वर, अफू नेई. फौजेच्या बंदुका त्यावरच येत. ज्याची अफू कमी भरे, त्याच्या घरातलं एक माणूस फौजेत जाई. नांग ओनच्या घरात माणसं दोनच होती, ती आणि सतरा वर्षांची ल्वे.

तिने चिंचेचा कोळ आटवून चिकात मळला आणि वजन पुरं केलं. तरी लेकीच्या कपड्यांचं गाठोडं बांधून दाराआड ठेवलं.

"वासावरून कळेल, आई," ल्वे म्हणाली.

"सार्जंटला सर्दी झाली असली तर नाही कळणार."

वसुलीच्या सकाळी बायका गावप्रमुख खुन था यांच्या अंगणात पुडकी घेऊन बसल्या. सार्जंट साई लुन दरवर्षी प्रत्येक पुडक्यातला कण जाळून हुंगत असे. नांग ओनने आपलं पुडकं दुहेरी पानात बांधलं होतं.

साई लुनने तराजू आणलाच नव्हता.

"पुडकी घरी न्या," तो म्हणाला. "साहेबांना यंदापासून अफू नको."

"का रे, भिक्खू झाले काय साहेब?" खुन थांनी विचारलं.

"नशेच्या गोळ्या करतात, मामा. सरहद्दीपलीकडून रसायनाची पिंपं येतात. तुमच्या दहा गावांच्या हंगामाएवढं यंत्र आठवड्यात मिळवून देतं. ना पाऊस बघायचा, ना तुमची तोंडं."

नांग ओनने धीर केला. "आणि कमी भरलेल्यांची माणसं?"

"कशाला, मावशी? पिकावर पहाऱ्याला लागायची. आता कारखान्याला चौघे पुरतात." त्याने नाक वर केलं. "इथे चिंचेचा वास कसला?"

"दुपारच्या कालवणाचा," नांग ओन म्हणाली.

"मग थांबलो असतो जेवायला. पण पिंपं यायची आहेत." तो जीपकडे गेला.

घरी पोचल्यावर नांग ओनने पुडकं ल्वेकडे दिलं. ती पायरीवरच बसली. ल्वेने पुडकं उघडून हुंगलं.

"सर्दी असती तरी कळलं असतं, आई."

"गप. ते गाठोडं आण इकडे."

गाठ घट्ट बसली होती. दातांनी सोडवावी लागली. नांग ओनने सगळ्यांत आधी ल्वेची फणी काढली आणि खिडकीशेजारच्या खिळ्याला पुन्हा अडकवली.