शेवटापासून सांग

हेमांगी विद्यापीठात गुन्हेगारीशास्त्र आणि मानसशास्त्र असं दोन्ही एकत्र शिकायला लागली, तेव्हापासून नातेवाइकांनी तिला नुसता वात आणला होता. लग्न असो, बारसं असो, कोणीतरी समोर येऊन डोळे मोठे करणारच, "सांग बघू, माझ्या मनात काय चाललंय?" काय चालणार डोंबल! पंगत कधी बसते, एवढंच. ती हसून सांगायची, की नुसता चेहरा बघून खरंखोटं कोणालाच ओळखता येत नाही, पोलिसालाही नाही आणि प्रोफेसरालाही नाही. ते कोणाला पटायचं नाही. तिच्या आईला, नर्मदाला, तर मुळीच नाही.

आणि त्या संध्याकाळी तीच आई तिच्यापुढे हात जोडून उभी राहिली.

"उद्या सकाळी अनुजला जबाबाला बोलावलंय. पोलीस कसं फिरवून फिरवून विचारतात, ते तुला ठाऊक. भावाची तयारी करून घे, हेमा. बोलताना अडखळला तर संपलं सगळं."

घडलं होतं ते भयंकरच. मंगळवारी भर दुपारी अनुज आणि शेजारच्या मीराकाकूंचा कौस्तुभ बाइकवरून अर्नाळ्याला निघाले होते. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. वळणावर सायकलवरून सुकी मासळी घेऊन चाललेल्या एका म्हाताऱ्याला धडक बसली आणि तो जागीच गेला. कौस्तुभ तेव्हापासून बोळिंजच्या हॉस्पिटलात बेशुद्ध होता. अनुजचा फक्त हात मोडला. गाडी कौस्तुभची, लायसन्स कौस्तुभचं. अनुजकडे तर लायसन्सच नव्हतं. 'कौस्तुभ चालवत होता, मी मागे बसलो होतो,' असं अनुज म्हणाला आणि कोणी दुसरं काही विचारलंच नाही.

बाबा, आत्माराम, केळीला पाणी सोडतो म्हणून वाडीत गेले ते तिकडेच बसून राहिले. त्यांना हे बघवत नव्हतं.

अनुजनं पहिल्यांदा घडाघडा सांगितलं. दुसऱ्यांदाही तेच, शब्दाला शब्द. हेमांगीला ते खटकलं. खरं आठवणारा माणूस असा पाठ म्हणत नाही, तो चुकतो, मागे जातो, मध्येच काही आठवलं की घालतो. वर्गात हे शिकताना तिला केवढी मजा वाटली होती! भीतीपोटी पाठ केलं असेल बिचाऱ्यानं, असं तिनं स्वतःला समजावलं.

"आता शेवटापासून सांग," ती म्हणाली. "हॉस्पिटलपासून मागे मागे ये."

"कशाला पण?"

"पोलीस विचारू शकतात म्हणून."

अनुजला घाम फुटला. "कौस्तुभला रिक्षात घातलं. त्याच्या आधी लोक जमले. त्याच्या आधी मी खाली पडलेलो, तोंडात माती. त्याच्या आधी धडक बसली, कौस्तुभचं डोकं माझ्या पाठीवर आपटलं, आणि त्याच्या आधी..."

तो थांबला. पुढे बसून गाडी चालवणाऱ्याचं डोकं मागच्याच्या पाठीवर आपटेल कसं?

"ते पाठीचं गाळ," दारातून आई म्हणाली. "तेवढं बोलू नकोस."

हेमांगीनं वळून पाहिलं. आईला मुळीच धक्का बसलेला नव्हता.

"तुला माहीत होतं, आई?"

"मला एकच मुलगा आहे."

"मीराकाकूंनाही एकच आहे!"

"त्याच्या डॉक्टरांनी हात टेकलेत, हेमा. त्याला आता काय फरक पडतो? ह्याला अख्खं आयुष्य काढायचंय!" आई मटकन खाली बसली आणि हुंदके देऊ लागली.

"मीच मागितली गाडी, ताई," अनुज रडत म्हणाला. "एकदाच चालवू दे म्हणालो. तो नको नको म्हणत होता."

जबाबात मुद्दाम थोडं विसरायचं, कुठे थोडं चुकायचं, एवढं तिनं शिकवलं असतं तर अनुजचं खोटं कोणाला पकडता आलं नसतं. आणि ते तिला येत होतं, हेच सगळ्यात वाईट. आपण हे शिकलोच कशाला, असं तिला झालं. ती उठली तशी आईनं तिची ओढणी धरली.

"गेलीस तर माझं मेलेलं तोंड बघशील!"

हेमांगीनं ओढणी तिच्याच हातात सोडली आणि रिक्षा पकडली. सबंध वाटेत ती रडत होती.

मीराकाकू कौस्तुभच्या खाटेजवळ बसल्या होत्या. हेमांगीला बघताच त्या गडबडीनं उठल्या आणि तिचे हात धरले.

"नर्मदावहिनींना कुठल्या तोंडानं भेटू गं? माझ्या पोरानं एकाचा जीव घेतला, तुमच्या अनुजचा हात मोडला. त्या म्हाताऱ्याच्या घरी पाया पडायला गेले होते. दारातूनच हाकललं त्यांनी. बरोबरच आहे." त्यांनी कौस्तुभकडे पाहिलं. "ह्याच्याशी मी धड बोललेलीसुद्धा नाही. रागच येतो त्याचा. असा पडलाय तरी येतो."

"काकू," हेमांगी म्हणाली, "गाडी अनुज चालवत होता."

आता मीराकाकू कानाखाली वाजवतील, असं हेमांगीला वाटलं. वाजवली असती तर बरं झालं असतं. पण त्यांनी तिचे हात सोडले आणि कौस्तुभच्या कानाशी वाकल्या.

"तू नव्हतास रे, बाळा," त्या म्हणाल्या. "ऐकतोयस ना? तू नव्हतास."