जुळा भाऊ सहा वर्षांनी धाकटा

सकाळपासून उदुमाच्या पायाला भिंगरी लागली होती. अंगणात जातो, आत येतो, टोपी घालतो, काढतो. मी ओरडले, "बस की मेल्या खाली! तुझ्या येरझाऱ्यांनी मला घेरी यायला लागली."

"बसलं की गुडघा आखडतो," तो म्हणाला.

गुडघ्याचं आपलं निमित्त. आज आमच्या अमाएके गावात आमच्या वयाच्या पुरुषांची तुकडी गावकामातून मोकळी होणार होती. पुढच्या बाकावर मानानं बसायचं, ताडीचा पहिला पेला घ्यायचा, आणि मग रस्त्याकडेचं गवत कापायला जायचं नाही, ते काम धाकट्यांचं. उदुमा ज्यांच्याबरोबर नदीत पोहायला शिकला ते सगळे आज बसणार होते. पण त्याआधी प्रत्येकानं चौकात उभं राहून आपलं जन्मवर्ष मोठ्यानं सांगायचं असतं. तिथंच माझ्या भावाची गोची होती.

उदुमा आणि मी जुळे, अठ्ठावन्न वर्षांचे. पासपोर्टावर तो बावन्न वर्षांचा. चोविसाव्या वर्षी बेल्जियमच्या फुटबॉल क्लबाला विशीच्या आतलाच खेळाडू हवा होता, म्हणून एजंटानं कागदावरची सहा वर्षं खाऊन टाकली. त्याच वर्षी यानं देशाकडून अंतिम सामन्यात गोल मारला. अठरा वर्षांचा पोरगा! इतक्या लहान वयात गोल मारायचा तो विक्रम अजून कुणी मोडलेला नाही, आणि देश त्याला अजून 'पोरगा'च म्हणतो. चाळिशीपर्यंत पळून पळून गुडघ्यांची चाळण झाली. आणि मी? बँकेतला कारकून विचारतो, "आजी, पोरग्याची थोरली बहीण ना तुम्ही?" तळपायाची आग मस्तकात जाते माझ्या.

"आज खरं सांग," मी बजावलं. "नाहीतर मीच सांगेन."

"सगळे फोन रोखून उभे असतील गं, उचा. तो गोल गेला तर माझ्याकडे उरतंय काय?"

"आणि तुझे सोबती? अजून सहा वर्षं धाकट्यांच्यात वाकून गवत कापणार आहेस?"

टोपी घालून तो पुन्हा अंगणात गेला.

चौकात गावातल्या सर्वांत वयस्कर न्डुकवे आजोबांनी एकेक नाव पुकारलं. उदुमा उभा राहिला. "पोरगा! पोरगा!" तरुणांनी एकच गलका केला. पुढच्या बाकावर त्याचा जिवलग दोस्त अग्वू सरकून त्याच्यासाठी जागा करत होता. उदुमाचे ओठ हलत होते, पण शब्द फुटेना.

आजोबांना सगळं ठाऊक होतं. आमच्या दोघांच्या बारशाला ते स्वतः ताडी प्यायला हजर होते. पण रीत अशी, की चौकात जे बोललं जाईल तेच गावाचं खरं. ते माझ्याकडे वळले. "उचा, तू रक्ताची आहेस. हा कधीचा, तू सांग."

चौतीस वर्षं मी याच प्रश्नाची वाट बघत होते. पण तो समोर टोपी पिळत उभा होता. तो गोल गमावून घरी येणारा उदुमा मला बघवला नसता.

"माझ्याहून सहा वर्षांनी धाकटा," मी म्हणाले.

टाळ्यांचा कडकडाट झाला. अग्वू मान खाली घालून पुन्हा आपल्या जागेवर सरकला. आजोबांनी मागच्या रांगेकडे बोट दाखवलं, आणि कुणीतरी उदुमाच्या हातात कोयता दिला. लंगडत जाताना तो माझ्यापाशी थांबला.

"मी सांगणार होतो गं," तो म्हणाला. "अगदी तोंडाशी आलं होतं."