सुईला लावलेलं बूच

मी शफी मिस्त्रींचा टेस्ट लॅम्प बोलतोय. वारूळवाडीच्या गॅरेजात खिळ्याला टांगलेला असतो. माझ्या सुईच्या टोकाला इंजेक्शनच्या बाटलीचं रबरी बूच बसवलंय. ते कसं आलं, तेवढं ऐकून घ्या.

मी कारखान्यात जन्मलो नाही. पिवळ्या मुठीचा मोडका स्क्रू ड्रायव्हर, स्कूटरच्या इंडिकेटरचा बल्ब, चिमटा लावलेली एक लांब वायर आणि पुढच्या टोकाला दिलशादभाभींच्या शिवणयंत्राची सुई. शफींशी लग्न होऊन भाभी तेव्हा नुकत्याच आल्या होत्या. "माझी सुई गेली कुठं?" म्हणून त्यांनी अख्खं घर डोक्यावर घेतलं, आणि शफी ताटात मान घालून हसत राहिले.

माझं काम सोपं. चिमटा गाडीच्या पत्र्याला लावायचा, सुई वायरीत टोचायची. वीज असली की माझ्या मुठीत उजेड पडायचा.

काय दिवस होते! कांद्याचा टेम्पो घेऊन मंचरला निघालेला भरत दारातूनच ओरडायचा, "शफीभाई, हॉर्न मेलाय राव! हायवेला म्हशीबी ऐकंनात!" दोन ठिकाणी टोचलं की हॉर्न वाजलाच. मग शफी मला शर्टाला पुसत म्हणायचे, "टोचलं की बोलतंय."

आम्हा जुन्यांना एक खोड असते. एकदा जमलं की तेच कायमचं खरं.

त्यांची लेक तहरीम पुण्याहून इंजिनिअर होऊन आली, सोबत गाडीतल्या कॉम्प्युटरच्या तक्रारी वाचणारा स्कॅनर आणि मीटर घेऊन. पहिल्याच दिवशी ठिणगी पडली.

"अब्बा, नव्या गाड्यांना सुई टोचू नका."

"तुझ्या जन्माच्या आधीपासून टोचतोय मी."

"मग माझ्या जन्माच्या आधीच्या गाड्यांनाच टोचा!"

खरं सांगू? तेव्हा मी म्हाताऱ्याच्याच बाजूचा होतो.

एका दुपारी मोहिनी सिस्टर आल्या. त्या रोज स्वतःच्या गाडीने घाटघरच्या दवाखान्यात जातात. चेहरा पांढराफटक. "चढाच्या वळणावर स्टेअरिंग एकदम जड झालं. वेगाचा काटा शून्यावर, समोरचे सगळे दिवे पेटले. मागं ओली बाळंतीण बसलेली, शफीभाई! परवा लसीकरण आहे, मला परत जायचंय. कशी जाऊ?"

गॅरेजात मात्र गाडी शहाण्यासारखी उभी. तहरीमनं स्कॅनर लावला. "इंजिन, स्टेअरिंग, डॅशबोर्ड, सगळ्यांच्या कंट्रोलरची एकच तक्रार. ब्रेकचा कंट्रोलर मधूनच बोलायचा थांबतो."

"मग त्यालाच बदल की."

"ज्याचा आवाज ऐकू येत नाही तो मुकाच असतो असं नाही, अब्बा. आवाज वाटेत मरत असेल."

गाडीतले हे सगळे कंट्रोलर एकमेकींत पीळ घातलेल्या दोन बारीक वायरींवरून बोलतात. तिनं गाडीच्या बॅटरीची वायर सोडवली, त्या दोन वायरींना आत मीटर जोडला आणि बापाला सीटवर बसवलं. "साठ ओहम दिसायला हवेत, वायर तुटली की दुप्पट होतात. आकडा हलला की ओरडा." स्वतः पुढच्या चाकामागं शिरून वायरींचा जुडगा हलवू लागली.

"साठ... साठ... काय बी न्हाई, पोरी... साठ... अगं, एकशेवीस! एकशेवीस झाले!"

"इथंच तुटतंय!"

तिनं काळी टेप सोलली. एका वायरीला टाचणीएवढं भोक, आतलं तांबं हिरवं, भुसभुशीत. शफींनी चष्मा लावला, आणि मी ते भोक ओळखलं.

गेल्या वर्षी याच गाडीचा पुढचा दिवा लागत नव्हता म्हणून, पोरगी नको म्हणत असतानाही, त्यांनी मला तिथं टोचलं होतं. मी पेटलो नाही. टेप गुंडाळून ते पुढच्या वायरीकडे वळले. त्यानंतरचा अख्खा पावसाळा, चाकानं उडवलेलं सगळं पाणी, माझ्या भोकातून आत झिरपत राहिलं.

"कुणी केलं हे?" सिस्टरनी विचारलं.

तहरीमनं तोंड उघडलं. आता बापाची खैर नाही, असं मला वाटलं. पण तिची नजर त्यांच्या चेहऱ्यावर गेली. "जुनं काम दिसतंय," ती हळूच म्हणाली. "कुणीतरी..."

"कुनीतरी न्हाई," शफी म्हणाले. "मी. ह्या माझ्या सुईचं भोक हाय, सिस्टर. पोरगी सांगत व्हती, मी ऐकलं न्हाई."

मग तहरीमनं सडका तुकडा कापला, नवा जोडून कथलाचा डाग दिला, पाणी शिरू नये म्हणून वर नळी चढवली, दोन्ही वायरींना पुन्हा पीळ घातला. टॉर्च धरून उजेड दाखवत शफीच उभे होते. संध्याकाळच्या आत तिघं घाटघरपर्यंत जाऊन आली. काटा एकदाही पडला नाही, स्टेअरिंग शेवटपर्यंत हलकं राहिलं.

परत आल्यावर सिस्टरच्या गाडीत पडलेलं एक रबरी बूच शफींनी मागून घेतलं. मला शर्टाला पुसलं, पहिल्यासारखंच. मग बूच स्वतःच्या हातानं माझ्या टोकाला लावलं.

"भंगारात द्यायचा?" त्यांनी विचारलं.

"वेडे झालात का? अम्मीची सुई आहे ती," तहरीम फटकारून म्हणाली, आणि तिनंच हा खिळा ठोकला.

तर मंडळी, तुमच्या नव्या गाडीजवळ मला नेऊ नका. तिथलं बोलणं फार नाजूक असतं, ते मला कळत नाही. पण ट्रॅक्टरच्या ट्रॉलीचा मागचा दिवा लागेनासा झाला, तर या. बूच काढा.

मी अजून पेटतो.