पाव्हणा

तारामतीनं झोळीची गाठ ओढून पाहिली आणि तेवढ्यात ओढ्यापलीकडून नवऱ्याची आरोळी आली.

"पाव्हणाऽऽ आलाऽऽ!"

तिनं झोळी दोन्ही हातांनी धरली. बाभळीला टांगलेल्या झोळीत पोरगी झोपली होती. सासू हरणाबाई घोडं घेऊन ईट गावच्या बाजाराला गेलेली, नवरा बिराप्पा मेंढरं घेऊन लांब. बिऱ्हाडापाशी ती, पोर, दोरीच्या जाळीत कोंडलेली कोकरं आणि खंड्या कुत्रा, एवढीच.

नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, हे ती मुरुमच्या माहेरी शिकून आली होती. लांडग्याचंही घ्यायचं नाही, हे माळावर आल्यावर कळलं. नाव घेतलं की बोलावलं समजून तो येतो, असं हरणाबाईचं म्हणणं. म्हणून त्याला पाव्हणा म्हणायचं. तारामतीच्या माहेरची माणसं मेंढरं विकून केव्हाच शेतीला लागलेली. पाव्हणा म्हटलं की तिला अजून भिंतीला टेकून चहा पिणारा माणूसच आठवायचा.

काठी घ्यायला ती वळली, तर माळावर धूळ उठलेली दिसली. धुळीच्या पुढं एक जीप. निजामाचं राज्य गेल्यापासून अशा गाड्या इकडं येऊ लागल्या होत्या. तारामतीचा जीव भांड्यात पडला. हा तर खरोखरीचाच पाव्हणा! आणि आपण उगाच घाबरून बसलो, म्हणून तिला स्वतःचंच हसू आलं.

कोणी सरकारी माणूस असला आणि कुत्र्यानं धरला तर पंचाईत व्हायची. तिनं खंड्याला ओढत नेलं आणि घोड्याच्या रिकाम्या खुंट्याला करकचून बांधलं. तो ओढ्याकडं तोंड करून गुरगुरत होता. तिनं त्याच्या पाठीत एक धपाटा घातला.

"गप! पाव्हणा हाय."

डोक्यावरचा पदर सारखा करून ती चुलीपाशी बसली. भांड्यात पाणी ओतलं, फुंकणीनं जाळ केला. एवढा वेळ ओरडणारी कोकरं एकाएकी गप्प झाली.

तिनं मागं पाहिलं. झोळीपासून हातभर अंतरावर लांडगी उभी होती. बरगड्या वर आलेल्या, पोट पाठीला लागलेलं आणि खाली ओढलेली आचळं. कुठंतरी तिचीही पिल्लं असणार.

खंड्या दावं तोडायला बघत होता. गाठ तारामतीनंच मारलेली, ती कशी सुटणार! झोळी हलली. पोरीचा पाय बाहेर आला, वाळा वाजला. लांडगीनं नाक वर केलं आणि त्या पायाचा वास घेतला.

"लांडगा," तारामती पुटपुटली. मग ती छाती फुटेस्तोवर ओरडली. "लांडगा! लांडगा!"

चुलीतलं जळतं लाकूड उचलून ती धावली. लांडगी बाजूला झाली, जाळीवरून उडी घेऊन आत गेली आणि एक कोकरू तोंडात धरून ओढ्याच्या दिशेनं दिसेनाशी झाली.

जीप येऊन थांबली, तेव्हा तारामती पोरीला उराशी धरून तिचा पाय पुन्हापुन्हा चाचपत होती. टोपीवाले दोघं उतरले. गाडीच्या तोंडावर एक काळवीट बांधलेलं, त्याची पिळदार शिंगं खाली लोंबत होती. मागं हरिणींचा ढीग.

"पाणी आहे का, बाई?"

तिनं तांब्या दिला. निम्मं पाणी वाटेतच सांडलं.

"एवढी घाबरतेस काय? आम्ही काय खातो का तुला?" धाकटा हसला. त्याच्या काखेतल्या बंदुकीचं तोंड पोरीकडं वळलं होतं, ते त्याच्या गावीही नव्हतं. तारामतीनं पोरगी दुसऱ्या कडेवर घेतली.

दिवस कलल्यावर नवरा आणि सासू दोघंही परतली. बिराप्पानं आधी कोकरं पाहिली, मग दावं.

"म्या वरडलो व्हतो ना, पाव्हणा आला म्हून?"

"वरडलासा."

"मंग कुत्रं का बांधलंस?"

तारामतीनं चाकांच्या चाकोऱ्यांकडं बोट दाखवलं आणि तिला रडू कोसळलं. आता सासू बोल बोल बोलणार, अशी तिची खात्री होती. हरणाबाई मात्र चाकोरीपाशी जाऊन खाली बसली. मातीत रक्त सुकलं होतं. तिनं ते बोटानं खरवडलं.

"काळविटं व्हती?"

"गाडी भरून, आत्याबाई."

"माजी वरात ह्याच माळावर थांबली व्हती. कळप आडवा गेला, त्यो सरंचना." हरणाबाईनं हात लुगड्याला पुसला. "लई वरसं पाव्हणा आपल्या वाटंला गेला न्हाय. त्येचं ताट ह्या गाडीवाल्यांनी वढून नेलं. मंग त्यो कुनाच्या ताटात हात घालंल?"

त्यानंतर बरेच दिवस तारामतीनं पोरीला झोळीत टाकलं नाही, पाठीशी बांधूनच कामं केली. हळूहळू भीती निवळली. एका दुपारी पोर पुन्हा झोळीत झोपली होती, भाकरी खाऊन खंड्या खुंट्याला बांधलेला पडला होता आणि सासवा-सुना लोकर पिंजत बसल्या होत्या. हरणाबाईचा हात मध्येच थांबला. लांब माळाच्या कडेला धूळ उठली होती.

ती आवाज न चढवता बोलली.

"तारे, पोरगी काढ झोळीतनं. कुत्रं सोड. पाव्हणा आला."