माझ्या शेवटच्या पानावरची टाकी

मी एक जुनी फाईल आहे, मित्रांनो. निळी, जाडजूड, कोपऱ्यांना चिकटपट्टी लावलेली. माझ्या पोटात एक साथ आहे. पण खोटी.

म्हणजे असं. आजार पसरला की तो कुठून आला ते शोधणारी माणसं असतात. तीही शिकूनच तयार होतात. आमच्या ट्रेनिंग सेंटरच्या बाईंनी त्यासाठी अकरा वर्षांपूर्वी मला बनवलं. मनानेच एक गाव रचलं, बेचाळीस रुग्ण रचले, आणि शेवटच्या पानावर उत्तर लिहिलं: दोष पाण्याच्या टाकीचा.

पहिल्या बॅचने माझ्यावर तीन दिवस डोकं खाजवलं. काय मान होता माझा! मग जुने नव्यांच्या कानात सांगायला लागले, "टाकी लिही आणि चहाला चल."

त्यातच समोर खऱ्या साथींचं कपाट. त्या फायलींवर चिखलाचे डाग, घामाचे ठसे. मोठे साहेब आले की त्याच मागायचे. माझा नुसता जळफळाट व्हायचा. माझ्या बेचाळीसातल्या एकालाही कधी खरा ताप आला नाही.

यंदा एका वसतिगृहात एकतीस मुलींना जुलाब सुरू झाले. बाईंनी शिकाऊ सिस्टरला पाठवलं. तिने आधाराला मला पिशवीत टाकलं. मी पहिल्यांदाच बाहेर पडले!

सिस्टरने आजारी मुलींना विचारलं. सगळ्या टाकीचंच पाणी प्यायल्या होत्या. तिने लगेच बाईंना फोन लावला. "बाई, टाकीच आहे! फाईलमधल्यासारखीच!"

मी आतल्या आत फुलले. आता मीही खरी.

"बऱ्या मुलींना विचारलंस?" बाई म्हणाल्या.

"त्यांना काय झालंय? त्यांना काय विचारायचं?"

"त्या कुठलं पाणी पितात?"

सिस्टरने वही चाळली. त्यात बऱ्या मुलींचं एकही नाव नव्हतं.

"टाकी बंद करून येशील आणि संध्याकाळी आणखी दहाजणी पडतील. मग?"

खरं सांगते, मला बाईंचा राग आला. टाकीच असू दे, असं मी मनापासून म्हणत होते. आजारी मुलींचा विचारसुद्धा आला नाही मनात.

जिन्यात एक मुलगी भेटली. ठणठणीत.

"पाणी कुठलं पितेस गं?"

"टाकीचंच. वरून काय अमृत येतं का आम्हाला?"

"आणि काल सगळ्यांनी घेतलं, तू नाही, असं काही?"

"सरबत घेतलं की. फक्त बर्फ नको म्हटलं. दात ठणकतात माझे."

सिस्टरने बऱ्या असलेल्या सगळ्यांना गाठलं. कुणी सरबतच घेतलं नव्हतं, कुणी बर्फाशिवाय घेतलं होतं. ती स्वयंपाकघरात धावली. बाहेरून आजची बर्फाची लादी आली होती, मावशी ती सरबतासाठी फोडत होत्या.

"मावशी, थांबा! बर्फ घालू नका!"

"अगं बाई, पोरी उन्हातून येतायत!"

"सरबत कोमट प्यायल्या तरी चालेल. मी देते त्यांच्या हातात."

त्या संध्याकाळी आणखी एकही मुलगी आजारी पडली नाही.

सिस्टरने लिहिलेली या साथीची फाईल आता समोरच्या कपाटात आहे. तिला बघून माझं अजूनही पित्त खवळतं, खोटं कशाला बोलू? पण सोमवारी नवी बॅच येतेय. मित्रांनो, माझी काळजी घ्यायची असेल तर चिकटपट्ट्या नकोत. माझं शेवटचं पान फाडा. त्यावरची टाकी मला फार आवडते, म्हणूनच फाडा.