इंजिनावरचा नारळ

माझ्या पिकअपचं इंजिन मीच मारलं. ऑइल बदलायची वेळ आली की 'अजून चालतंय' म्हणायचो आणि गाडीतलं आपल्याला कळतं, असं जाफराबादभर सांगत फिरायचो. शेवटी चढावर ते असं बसलं की गाडी बैलांनी ओढून आणावी लागली.

धुळाजीमामांनी जालन्याच्या भंगारवाल्याकडून त्याच मॉडेलचं जुनं इंजिन शोधून आणलं. मामा गावातले सगळ्यात जुने मिस्त्री. अलीकडे त्यांना कमी दिसायचं, म्हणून एमआयडीसीत कामाला असलेला त्यांचा मुलगा रामप्रसाद 'गॅरेज बंद करा' म्हणून मागे लागला होता. मामा त्याला माझ्यादेखत म्हणाले, "एवढं इंजन बसवतो. न्हाई चाललं तर मंग लाव कुलूप."

तीन दिवस मामा हातांनी चाचपून चाचपून बोल्ट आवळत होते. इंजिन जागेवर बराबर बसलं. चौथ्या सकाळी फक्त हवेचा पाइप जोडायचा राहिला, आणि मामा बॅटरी आणायला गेले.

नव्या वस्तूपुढे नारळ फोडायचा ही आपली रीत. शहाणी माणसं तो चाकापुढे दगडावर फोडतात. मी विचार केला, गाडी जुनीच आहे, नवं आहे ते इंजिन, मग मान त्याचाच. बॉनेट उघडं होतं. नारळ थेट इंजिनावर आपटला. पाणी हवेच्या पाइपासाठी उघड्या राहिलेल्या इंजिनाच्या तोंडात गेलं, हे मी डोळ्यांनी पाहिलं. तीर्थच आहे, काय होतंय, असं म्हणून मी खोबरं वाटायला लागलो. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, म्हणतात ते उगाच नाही.

मामा आले, पाइप जोडला, चावी फिरवली. टक्. पुन्हा फिरवली. टक्. इंजिन जाम.

चार लोक जमले. ज्याला त्याला कारण ठाऊक होतं आणि प्रत्येक कारणात मामांची चूक होती. मामा हळूच म्हणाले, "झालं असंल चुकून. दिसत न्हाई मला आता." माझ्या तोंडात खोबरं होतं म्हणून बोलता आलं नाही, असं सांगायला बरं वाटतं. खरं म्हणजे लाज वाटत होती, आणि माझ्या लाजेपायी एका म्हाताऱ्याचं उभं आयुष्य मातीत चाललं होतं.

इंजिन चालतंय का ते बघायला आलेल्या रामप्रसादनं कुलूप हातात घेतलं. तरी मामांनी इंजिनाचे हीटर प्लग काढले आणि मला चावी फिरवायला सांगितलं. भोकांतून पाण्याची चिळकांडी उडाली. "गॅस्केट नीट बसली न्हाई, रेडिएटरचं पाणी आत आलं," कुणीतरी निकाल दिला. मामांनी ते पाणी बोटावर घेऊन जिभेला लावलं. मग माझ्या खिडकीशी आले आणि मलाच ऐकू जाईल इतक्या आवाजात म्हणाले, "गोड लागून राह्यलं. बद्री, तू सांगतो का मी सांगू?"

मी सांगितलं. खाली उतरून, मोठ्यानं, सगळं. लोक पोट धरून हसले, आणि पुरावा तर सगळेच चघळत होते. आता राजूरपर्यंत मला नारळवाला म्हणतात, आणि त्यावर माझं काही म्हणणं नाही.

मामा मात्र हसले नाहीत. उरलेलं पाणी काढून त्यांनी प्लग परत बसवले, चावी फिरवली. इंजिन एका दमात सुरू झालं. त्याचा आवाज जरा वेळ ऐकून ते रामप्रसादकडे वळले.

"उद्या नऊला गॅरेज उघडतो. तू डबा तेवढा धाड."