बाबा, बाजूला व्हा

तलावाला पूर्ण वळसा घालायचा तर नऊ किलोमीटर. चालणारे, पळणारे, सायकलवाले, क्वचित घोड्यावरचे, सगळ्यांना मिळून एकच वाट. सकाळी निघायचं, मधे कुठेतरी बसून खायचं आणि दुपारी परतायचं, असं माझ्या नवऱ्याने आठवडाभर आधीच ठरवलं होतं. तो लिफ्ट दुरुस्त करतो. दिवसभर अंधाऱ्या बोळकांडीत लोंबकळणाऱ्या माणसाला सुट्टीत आकाश लागतं. बरोबर मी, आमची आठ वर्षांची ठमी आणि सासरे.

सासऱ्यांनी चौतीस वर्षं छापखान्यात काढली. यंत्रांच्या खडखडाटात दोन्ही कान गेले. कानात घालायचं मशीन आहे, पण त्या दिवशी वारा होता आणि मशीनमधून त्याचा नुसता घोंघाट येत होता. पहिल्याच वळणावर त्यांनी ते काढून शर्टाच्या खिशात टाकलं. मी पाहिलं. म्हटलं, जाऊ दे, एक दिवस शांतपणे चालू देत.

ते वाटेच्या मधोमध चालायचे. नवरा दंड धरून त्यांना कडेला आणायचा. पाच मिनिटांत ते परत मधे. "राजेसाहेबांची स्वारी," तो म्हणाला आणि आम्ही हसलो.

अर्ध्या वाटेवर एका बाकावर बसून आम्ही पाव आणि उकडलेली अंडी खाल्ली. मग ठमी बापाला ओढत पुढे पळाली. सासरे माझ्या दहा पावलं पुढे होते. मागून सायकलची घंटी वाजली. एकदा, मग पुन्हा. सायकलवरच्या बाईला वेग नव्हता, हे मला नंतर सगळ्यांना सांगावं लागलं. सासऱ्यांच्या डावीकडे भरपूर जागा होती आणि ती तिथूनच सायकल काढत होती. मला ते दिसत होतं. तरी मी ओरडले, "बाबा, बाजूला व्हा."

घंटी त्यांना ऐकू आली नव्हती. माझी हाक आली, अर्धीमुर्धी. "काय गं?" म्हणत ते वळले, आणि वळताना एक पाऊल डावीकडे पडलं.

तिने हँडल फिरवलं. सायकल उतारावरून गेली आणि ती पाण्याजवळच्या दगडांवर खांद्यावर आपटली.

नवरा धावत आला. "तू दवाखान्यात असतेस ना, बघ जरा."

"दातांच्या," मी म्हटलं.

तरी बसले तिच्याजवळ. पस्तिशीची असेल. मानेखालचं हाड कातडीखाली वर आलेलं दिसत होतं. दातांच्या डॉक्टरांच्या हातात मी हत्यारं देते. त्यातलं काहीच इथे कामाचं नव्हतं. ओढणीची झोळी करून हात बांधावा म्हटलं, तर ती कळवळली. मी हात मागे घेतला.

फोनवर ॲम्ब्युलन्सवाल्याने विचारलं, "नेमके कुठे आहात?"

"तलावाच्या काठी."

"अहो, कुठल्या काठी?"

सगळीकडे सारखीच झाडं. नवऱ्याने बाक सांगितला, वळण सांगितलं. वीस मिनिटांनी फोन आला की गाडी फाटकाशी आहे, फाटकाला कुलूप आहे आणि किल्लीवाला चौकीदार पलीकडच्या टोकाला गेलाय. आता ते स्ट्रेचर घेऊन चालत येत होते.

तिचे ओठ पांढरे पडले होते. "मी दोनदा वाजवली," ती म्हणाली.

"हो. मी ऐकली."

"मग त्यांनी?"

मी सासऱ्यांच्या खिशाकडे पाहिलं नाही. "त्यांना कमी ऐकू येतं."

तिने नुसती मान हलवली. रागावली असती तर बरं झालं असतं.

सासरे वर वाटेवर उभे होते. ठमीने त्यांचा हात धरला होता. "माझ्यामुळे पडली का?" त्यांनी विचारलं. कान नसलेल्या माणसाचा आवाज मोठा असतो; पाण्यापर्यंत आला. उत्तरही ओरडूनच द्यावं लागणार होतं, आणि ती माझ्या मांडीला टेकून पडली होती. नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. मी खाली मान घातली. शेवटी त्याने त्यांना नुसती हाताने खूण केली, थांबा म्हणून.

पाऊण तासाने स्ट्रेचरवाले तिला घेऊन गेले. सायकल मागे राहिली. चाक वाकडं झालं होतं, फिरेना. सासऱ्यांनी ती उचलली आणि कोणाचंही न ऐकता उरलेले चार किलोमीटर ढकलत आणली, पुढचं चाक हवेत धरून. वाटेच्या अगदी कडेने.

तिचं ऑपरेशन झालं, हाडाला धातूची पट्टी बसवली. दोन महिने हात वर होणार नाही, असं तिच्या भावाने फोनवर सांगितलं. सायकल घ्यायला तोच आला. दारात सासऱ्यांनी हात जोडले, तर तो म्हणाला, "चुकून झालं, काका." ते त्यांना ऐकू आलं, कारण आता मशीन सकाळपासून झोपेपर्यंत कानात असतं.

मी कोणाला सांगितलेलं नाही की हाक मारली नसती तर ती निघून गेली असती. एकदा नवऱ्याला सांगायला गेले. तो म्हणाला, "तू तर त्यांना वाचवलंस."

पुढच्या सुट्टीत त्याने बूट घातले. "बाबा, चला, जवळच जाऊ."

"तुम्ही जा," सासरे म्हणाले. "माझे पाय दुखतात."

पाय दुखत नव्हते. ठमीने त्यांना ओढून पाहिलं. मग तिने स्वतःचे बूट काढले, आणि आम्ही चौघंही घरीच राहिलो.